किल्ट नेसताना: पट्टे, बकल आणि बसण्याची जागा

किल्ट म्हणजे स्कॉटलंडचा चौकड्यांचा, मागे निऱ्या असलेला, कमरेभोवती गुंडाळायचा पोशाख. त्याची जागा बेंबीच्या पातळीवर किंवा बोटभर वर. पँटसारखी कमरेच्या हाडावर नव्हे. खालचा काठ गुडघ्याच्या वाटीच्या मध्यावर यावा. त्यामुळे ऑर्डर देताना पँटचा नंबर कळवू नका, तो बहुधा 2 ते 4 इंच कमी भरतो. शर्ट खोचून, पोट आत न ओढता बेंबीवरून टेप फिरवा. पुठ्ठ्याचे (नितंबांचे) माप सर्वांत रुंद जागी घ्या.

नेसण्याची रीत

निऱ्या मागे घ्या. आतला पदर पोटावरून डावीकडे न्या, त्याच्या टोकाचा चामडी पट्टा डाव्या कमरेवरच्या चिरेतून बाहेर काढा आणि बाहेरच्या बकलात अडकवा. आता वरचा पदर उजवीकडे आणा. झालरीची कड उजव्या मांडीवर सरळ उभी पडली पाहिजे. उजव्या कमरेचे बकल लावा. त्याखाली पुठ्ठ्याजवळ तिसरा पट्टा असल्यास तो सर्वांत शेवटी.

नवा किल्ट मधल्या भोकावर बसावा, म्हणजे दोन्हीकडे वाव राहतो. जेवणानंतर सैल करायचा तर डावे-उजवे दोन्ही पट्टे सारखेच सरकवा. एकच बाजू सोडली की चौकड्यांची मधली रेघ बेंबीखालून हलते आणि पदर तिरका दिसतो.

सर्वाधिक तक्रारी तिसऱ्या पट्ट्याच्या असतात. किल्टचा भार कमरेचे दोन पट्टे पेलतात. तिसऱ्याने पदर फक्त अंगासरशी ठेवायचा. तो आवळला की समोर आडव्या चुण्या पडतात आणि मागच्या निऱ्या फाकतात. कमरेवर हवा तसा घट्ट बसल्यावर हा पट्टा जेमतेम टेकेल इतकाच ओढा.

किल्ट खाली घसरला तरी निऱ्या फाकतात, कारण त्या कमरेशी अरुंद आणि पुठ्ठ्याशी रुंद शिवलेल्या असतात. अरुंद भाग रुंद जागी आला की त्या उघडणारच. अशा वेळी पट्टे सोडून किल्ट वर घ्या आणि पुन्हा बांधा. वरून रुंद बेल्ट करकचून उपयोग नाही, तो शोभेचा आहे.

लांबी तपासायला गुडघे टेकून ताठ उभे राहा: काठ जमिनीपासून साधारण 1 इंच वर हवा. पारंपरिक किल्टचा खालचा काठ ही कापडाची मूळ किनार असते, दुमडून शिवलेली नसते. म्हणून लांबी नंतर कमी करता येत नाही. हे माप दोनदा घ्या.

किल्टची टाचणी (किल्ट पिन) फक्त वरच्या पदराला लावा. दोन्ही पदरांतून गेली तर चालताना कापड ओढले जाऊन फाटते.

बसताना तळहाताने निऱ्या मागून खाली सपाट करत बसा. नाहीतर उठेपर्यंत त्या चुरगळतात.

शेवटच्या भोकावरही घट्ट किंवा सैल वाटत असेल तर नवी भोके पाडू नका. बकल उसवून दोन्ही बाजूंना प्रत्येकी इंचभर सरकवता येते. त्यापेक्षा जास्त फरक असेल तर निऱ्याच पुन्हा घालाव्या लागतात.