स्पॅनिश कागदावरची वैवाहिक स्थिती इंग्रजीत नेताना: भाषांतर कोण करू शकतं, काय जोडायचं आणि कुठे जपायचं

अमेरिकेत जोडीदारासाठी ग्रीन कार्डाचा अर्ज भरताना जोडीदार मेक्सिकोचा, कोलंबियाचा किंवा स्पेनचा असेल, तर त्याच्या प्रत्येक स्पॅनिश कागदाला इंग्रजी भाषांतर जोडावं लागतं. नावं, तारखा, गावं यांत फारसं अडत नाही. अडतं ते 'एस्तादो सिविल', म्हणजे वैवाहिक स्थिती, या रकान्यापाशी. परदेशातल्या मराठी घरांत आता स्पॅनिश बोलणाऱ्या सुना आणि जावई आहेत, आणि पुण्या-मुंबईत स्पॅनिश शिकून भाषांतराची कामं घेणारी मुलंमुली आहेत. ही माहिती दोघांच्या उपयोगाची आहे.

आधी नियम पाहू. अमेरिकी संघीय नियमावलीतलं कलम ८ सीएफआर १०३.२(बी)(३) सांगतं की परभाषेतल्या कागदाबरोबर पूर्ण इंग्रजी भाषांतर हवं. ते पूर्ण आणि अचूक असल्याचं, शिवाय त्या भाषेतून इंग्रजीत भाषांतर करण्यास आपण सक्षम असल्याचं भाषांतरकाराने लिहून द्यायचं. भाषांतरकार सरकारमान्य असावा अशी अट त्यात नाही आणि नोटरीचीही नाही. दोन्ही भाषा नीट येणारी कोणीही व्यक्ती हे काम करू शकते. तरी अर्जदाराने किंवा त्याच्या जोडीदाराने स्वतः भाषांतर करू नये असं मी आग्रहाने सांगेन. ज्याचा फायदा गुंतलेला आहे त्याच्याच सहीवर अधिकाऱ्याने विसंबावं ही अपेक्षा बरोबर नाही, आणि शंका आली की जास्तीचे पुरावे मागणारं पत्र येतं.

ब्रिटनची पद्धत थोडी वेगळी आहे. तिथल्या व्हिसा अर्जासाठी भाषांतर स्वतंत्रपणे पडताळता आलं पाहिजे. म्हणून त्यावर ते मूळ कागदाचं अचूक भाषांतर असल्याचं निवेदन, तारीख, भाषांतरकाराचं पूर्ण नाव, सही आणि संपर्काचा तपशील लागतो. स्पेनमध्ये परराष्ट्र मंत्रालयाने नेमलेले 'त्रादुक्तोर हुरादो', म्हणजे शपथबद्ध भाषांतरकार असतात. त्यांचा शिक्का असलेलं भाषांतर अमेरिकेत चालतं, पण तिथे ते सक्तीचं नाही.

कागद कोणते, हे देशावर ठरतं. मेक्सिकोहून 'आक्ता दे मात्रिमोनियो' म्हणजे विवाहाचा दाखला येतो आणि अविवाहित असल्याची 'कोन्स्तान्सिया', म्हणजे दाखला, येते. स्पेनमधून विवाहनोंदीची 'लितेराल' प्रत मागवावी, म्हणजे नोंद जशीच्या तशी मिळते. संक्षिप्त उताऱ्यावर भागवू नये, कारण विभक्तता, घटस्फोट किंवा विवाह रद्द झाल्याची टीप मूळ नोंदीच्या समासात असते. हयात असल्याचं आणि वैवाहिक स्थितीचं मिळून एक प्रमाणपत्रही स्पॅनिश नागरी नोंदणी कार्यालय देतं, त्याला 'फे दे विदा इ एस्तादो' म्हणतात. 'लिब्रो दे फामिलिया' ही जुनी कौटुंबिक पुस्तिका ३० एप्रिल २०२१ पासून नव्याने देणं बंद झालं आहे, पण लोकांकडे असलेल्या जुन्या पुस्तिका चालतात.

आता शब्दांकडे येऊ. 'कासादो' म्हणजे मॅरीड आणि 'विउदो' म्हणजे विडोड, इथे अडायचं कारण नाही. शेवटी 'ओ' पुरुषासाठी, 'आ' स्त्रीसाठी. इंग्रजीत हा फरक दाखवायची गरज बहुधा पडत नाही.

'सोल्तेरो', म्हणजे अविवाहित, हा शब्द मात्र सोपा वाटतो तितका नाही. अमेरिकी फॉर्मवर एक चौकट असते, 'सिंगल, नेव्हर मॅरीड', आणि ती पाहून हात आपोआप तेच शब्द भाषांतरात उतरवतो. पण आज लग्न झालेलं नाही एवढ्याच अर्थाने हा शब्द काही कागदांवर लिहिलेला असतो, घटस्फोटानंतरसुद्धा. म्हणून भाषांतरात फक्त 'सिंगल' लिहा. आधी कधी लग्न झालं होतं का, हे अर्जदार फॉर्मवर सांगेल, ते त्याचं काम आहे. भाषांतरकाराने 'नेव्हर मॅरीड' जोडलं आणि फाइलमध्ये पुढे जुन्या घटस्फोटाचा निकाल निघाला, तर एकाच अर्जातले दोन कागद एकमेकांना खोटं पाडतात.

विवाहाच्या दाखल्यात आणखी एक गोष्ट सारखी चुकते. वधू-वरांच्या माहितीत 'एस्तादो सिविल: सोल्तेरा' असं छापलेलं असतं. ती लग्नाच्या क्षणाआधीची स्थिती आहे. दाखला लग्नाचा आहे म्हणून ती 'मॅरीड' करायची नाही. तिथे 'विउदा' किंवा 'दिव्होर्सियादा', म्हणजे घटस्फोटित, असेल, किंवा 'सेगुन्दास नुप्सियास', म्हणजे दुसरा विवाह, असा उल्लेख असेल, तर आधीचं लग्न कसं संपलं याचा कागदही जोडावा लागेल. भाषांतर करताना हे दिसलं की अर्जदाराला लगेच सांगा.

'सेपारादो' (विभक्त) आणि 'दिव्होर्सियादो' (घटस्फोटित) यांची गल्लत तर अर्जाच्या मुळावर येते. स्पेनमध्ये न्यायालयाने विभक्त केलेली माणसं कायद्याने अजून पती-पत्नीच असतात आणि त्यांना दुसरं लग्न करता येत नाही. स्पेनमध्ये घटस्फोट १९८१ च्या कायद्याने पुन्हा आला, आणि २००५ पर्यंत बहुतेकांना आधी विभक्तता आणि मग घटस्फोट असा प्रवास करावा लागे. त्यामुळे जुन्या फायलींत दोन्ही निकाल सापडतात आणि पहिल्यालाच घटस्फोट समजलं जातं. 'सेपारासियोन हुदिसियाल', म्हणजे न्यायालयीन विभक्तता, असेल तर 'लीगली सेपरेटेड' लिहा. 'सेपारासियोन दे एचो' म्हणजे नुसतं वेगळं राहणं, त्याला न्यायालयाचा शिक्का नसतो. तिथे 'लीगली' हा शब्द येता कामा नये.

याच शब्दाचा एक भाऊबंद मेक्सिकोच्या दाखल्यावर बसलेला असतो: 'रेहिमेन: सेपारासियोन दे बिएनेस'. ही वैवाहिक स्थिती नव्हे. पती-पत्नीची मालमत्ता स्वतंत्र राहील एवढंच त्यात म्हटलेलं आहे. सुखाने नांदणाऱ्या जोडप्याच्या दाखल्यावरही ते असतं. 'सेपरेट प्रॉपर्टी रेजीम' असं लिहिलं की झालं. दुसरा पर्याय 'सोसिएदाद कोन्युगाल', म्हणजे सामाईक मालमत्ता.

सर्वांत जास्त काळजी लागते ती लग्नाविना सहजीवनाच्या संज्ञांना. 'उनियोन लिब्रे' दिसलं की अनेक जण 'कॉमन-लॉ मॅरेज' लिहून मोकळे होतात. अमेरिकेत कोलोराडो, टेक्सास अशा काही राज्यांत कॉमन-लॉ मॅरेज, म्हणजे विधी-नोंदणीविना पती-पत्नी म्हणून नांदण्यातून मानलं जाणारं लग्न, हे पुरतं कायदेशीर लग्न असतं. म्हणजे मूळ कागद लग्न म्हणत नसताना भाषांतर लग्न लावून टाकतं! वर्णन करणारे शब्द वापरा, उदाहरणार्थ 'डी फॅक्टो युनियन', आणि चौकटी कंसात मूळ स्पॅनिश संज्ञा तशीच ठेवा. कोलंबियात 'उनियोन मारिताल दे एचो' १९९० च्या कायदा ५४ खाली येते आणि बहुधा नोटरीपुढच्या दस्ताच्या रूपात हाती पडते. स्पेनमधल्या 'पारेहा दे एचो'ची नोंदणी स्वायत्त प्रांताच्या किंवा नगरपालिकेच्या दप्तरी होते, पण त्याने एस्तादो सिविल बदलत नाही. तीच व्यक्ती दुसऱ्या कागदावर 'सोल्तेरो' दिसली तर ती विसंगती नाही. चिलीत मात्र २०१५ च्या कायद्याने 'कोन्विविएन्ते सिविल' ही स्वतंत्र वैवाहिक स्थितीच तयार झाली. तिला 'मॅरीड' म्हणू नका आणि 'सिंगल'ही म्हणू नका. 'सिव्हिल युनियन पार्टनर' लिहून मूळ संज्ञा शेजारी द्या.

लॅटिन अमेरिकेतल्या जुन्या कागदांवर स्त्रीच्या नावात 'व्दा. दे' अशी अक्षरं दिसतात. ते मधलं नाव नव्हे. 'विउदा दे', म्हणजे अमुक यांची विधवा, याचं ते लघुरूप आहे. नाव जसं आहे तसं उतरवा आणि कंसात अर्थ द्या. नाहीतर पासपोर्टवरच्या नावाशी जुळत नाही म्हणून चौकशी लागते.

भाषांतरात समासातल्या टिपा, शिक्के, सह्या, कोऱ्या सोडलेल्या जागा, न वाचता येणारी अक्षरं, सगळ्याचा उल्लेख हवा. 'पूर्ण' या शब्दाचा अर्थ तोच. शेवटी प्रमाणपत्रात दोन्ही भाषा येत असल्याचं विधान, भाषांतर पूर्ण व अचूक असल्याचं विधान, कोणत्या कागदाचं भाषांतर ते, नाव, सही, पत्ता आणि तारीख घाला. प्रत्येक कागदाला वेगळं प्रमाणपत्र असलं तर पानं इकडची तिकडे होत नाहीत.

लग्न महाराष्ट्रातच, विशेष विवाह कायदा १९५४ खाली करायचं असेल, तर दोघांपैकी कोणाचाही जोडीदार हयात नसावा ही कलम ४ मधली अट आहे, आणि परदेशी व्यक्तीकडे विवाह अधिकारी साधारणपणे अविवाहित असल्याचा पुरावा मागतात. स्पॅनिश नागरिकाला त्याचा देश 'कापासिदाद मात्रिमोनियाल'चं, म्हणजे लग्नास पात्र असल्याचं, प्रमाणपत्र देतो, पण ते सहा महिनेच चालतं. लग्नाच्या नोटिशीनंतरचे ३० दिवस आणि भाषांतराला लागणारे दिवस धरून मगच ते मागवा. त्यात वैवाहिक स्थिती 'दिव्होर्सियादो' असेल, तर घटस्फोटाच्या निकालाचं भाषांतरही त्याच वेळी करून घ्या.