गटनेता म्हणजे विरोधी पक्षनेता नव्हे

गटनेता म्हणजे सभागृहात एका पक्षाच्या किंवा गटाच्या सदस्यांचा नेता. तो कोण, हे मराठवाड्यात नगरपालिकेचं राजकारण पाहणाऱ्या कुणालाही सांगावं लागत नाही. निकाल लागला की निवडून आलेले नगरसेवक जिल्हाधिकारी कार्यालय गाठतात, गटाची नोंदणी करतात आणि गटनेता म्हणून एकाचं नाव लिहून देतात. महापालिका असेल तर हेच विभागीय आयुक्तांकडे. विधानसभेतही प्रत्येक पक्षाचा असा एक गटनेता असतो, सत्ताधाऱ्यांचासुद्धा.

खरा घोळ पुढे आहे. मुंबईत एखाद्या विरोधी पक्षाच्या आमदारांची बैठक होते, नेता ठरतो आणि इकडे परभणी-बीडच्या चौकात बॅनर झळकतो: ‘विरोधी पक्षनेतेपदी निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन’. निवड झालेली असते गटनेत्याची. विरोधी पक्षनेत्याची निवड होतच नाही, त्याला मान्यता मिळते. ती देतात विधानसभेत अध्यक्ष आणि विधान परिषदेत सभापती. पक्षाच्या हातात फक्त पत्र देणं असतं. मार्च २०२५ मध्ये उद्धव ठाकरे यांच्या शिवसेनेने भास्कर जाधव यांचं नाव अध्यक्षांना कळवलं, ते असंच पत्र होतं. पत्राला मान्यता समजून हार आणू नयेत.

(गटनेताही आमदार आपापसांत ठरवून टाकतात असं नाही. शिवसेनेतल्या फुटीनंतरच्या सत्तासंघर्षाच्या ११ मे २०२३ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की गटनेता आणि प्रतोद (पक्षाचा आदेश आमदारांना बजावणारा) नेमण्याचा अधिकार राजकीय पक्षाचा आहे, विधिमंडळ पक्षाचा, म्हणजे त्याच्या निवडून आलेल्या आमदारांच्या गटाचा, नाही.)

मान्यता कुणाला द्यायची? महाराष्ट्रात विरोधी पक्षनेत्यांच्या वेतन-भत्त्यांचा १९७८ चा कायदा आहे. त्यातली व्याख्या छोटी आहे: सरकारच्या विरोधात असलेल्या पक्षांपैकी सर्वाधिक संख्याबळाच्या पक्षाचा त्या सभागृहातला नेता, ज्याला अध्यक्षांनी किंवा सभापतींनी तशी मान्यता दिली आहे. म्हणजे आधी गटनेता असावं लागतं, मग पक्ष विरोधकांत सर्वांत मोठा असावा लागतो, मग मान्यता. या पदासाठी सभागृहाचे दहा टक्के सदस्य लागतात असं सर्रास सांगितलं जातं, पण व्याख्येत कुठेही ‘दहा टक्के’ हा शब्द नाही.

हे दहा टक्के आले लोकसभेतून. पहिले अध्यक्ष मावळणकर यांच्या काळात ठरलं की ज्याच्याकडे गणपूर्तीइतके (सभागृहाचं कामकाज चालायला लागणाऱ्या किमान उपस्थितीइतके), म्हणजे एक दशांश सदस्य आहेत, त्यालाच सभागृहात ‘पक्ष’ मानायचं. २८८ च्या विधानसभेत हा आकडा २९ होतो. टीव्हीवरच्या चर्चेत तो कायद्याचं कलम असल्यासारखा फेकला जातो. पण १९६२ साली २६४ जणांच्या विधानसभेत शेतकरी कामगार पक्षाचे १५ आमदार होते आणि कृष्णराव धुळप विरोधी पक्षनेते होते. दहा टक्क्यांचा संकेत पाळायचा की नाही, हा अध्यक्षांचा निर्णय. तो पाळला तर ‘आम्ही संकेत पाळला’ म्हणावं, कायद्याच्या आड लपू नये.

उलट बाजूची चूकही तेवढीच पक्की. २०२४ च्या निकालात विरोधातल्या महाविकास आघाडीत ठाकरेंची शिवसेना २०, काँग्रेस १६, शरद पवारांची राष्ट्रवादी १०. बेरीज ४६. ‘आघाडीचे ४६ आहेत, मग विरोधी पक्षनेतेपद मिळायला अडचण काय?’ अडचण ही की कायदा पक्ष मोजतो, आघाडी मोजत नाही.

मोजणी बदलली की माणूस बदलतो. १९९० मध्ये विरोधकांत शिवसेना मोठी होती, म्हणून पद मनोहर जोशींकडे. डिसेंबर १९९१ मध्ये छगन भुजबळांच्या बंडाने सेनेचे आमदार घटले, भाजप पुढे गेला आणि पद बीडच्या गोपीनाथ मुंडे यांच्याकडे आलं. मध्ये विधानसभेची सार्वत्रिक निवडणूक झाली नाही.

कॅबिनेट मंत्र्याचा दर्जा, बंगला, गाडी याबद्दल सगळ्यांना ठाऊक असतं, त्यात गुंतत नाही. पद रिकामं राहिलं तर काय बिघडतं ते मात्र बघा. राज्य माहिती आयुक्त नेमणाऱ्या समितीत मुख्यमंत्री, त्यांनी नेमलेला एक मंत्री आणि विधानसभेतला विरोधी पक्षनेता असे तिघे असतात. मान्यताप्राप्त विरोधी पक्षनेता नसेल तर विरोधातल्या सर्वांत मोठ्या गटाच्या नेत्यालाच तो मानावं, असं स्पष्टीकरण २००५ च्या माहिती अधिकार कायद्यात आहे. इथे गटनेत्यावर निभावतं. राज्य मानवी हक्क आयोगाच्या निवड समितीतही विरोधी पक्षनेत्याला जागा आहे, पण १९९३ च्या त्या कायद्यात असं स्पष्टीकरण नाही. उलट, समितीत एखादी जागा रिकामी होती एवढ्या कारणाने नेमणूक अवैध ठरत नाही, असं त्यात लिहिलं आहे. विरोधकांची खुर्ची रिकामी, बैठकीला सत्ताधारी हजर, आणि नेमणूक कायदेशीर.