बियर निवळली, पण आंबून झाली का?

हंड्यात तुरटी फिरवली, गाळ खाली बसला, की पाणी वापरायला मोकळं. घरी बियर करणारा नवखा माणूस हाच हिशेब फर्मेंटरला (आंबवण्याच्या भांड्याला) लावतो: वरून स्वच्छ दिसतंय ना, मग काढा बाटल्या. पण निवळणं आणि आंबणं ही दोन वेगळी कामं आहेत. पहिलं डोळ्यांना दिसतं, दुसरं मोजावंच लागतं.

(महाराष्ट्रात १९४९च्या दारूबंदी कायद्यामुळे परवान्याशिवाय घरी बियर करता येत नाही. हा छंद करणारी मराठी मंडळी बहुतेक अमेरिका-इंग्लंडात, म्हणून आकडेही तिकडच्या थंड बेसमेंटचे.)

२० लिटर साधी पेल एल (फिकट रंगाची बियर) घ्या. सुरुवातीची ग्रॅव्हिटी (पाण्याच्या तुलनेत घनता; साखर आंबेल तशी ती उतरते) १.०५०, कोरड्या यीस्टचं ११ ग्रॅमचं पाकीट, तापमान १९ अंश. पहिल्याच रात्रीत तळाशी जाड थर दिसतो. तो उकळताना आणि गार करताना फाटलेल्या प्रथिनांचा आणि हॉपच्या (कडू चवीच्या फुलांच्या) चोथ्याचा. आंबण्याशी त्याचा काही संबंध नाही; यीस्ट तेव्हा जेमतेम जागं होत असतं. दुसऱ्या ते चौथ्या दिवशी वायूच्या बुडबुड्यांनी सगळं ढवळून निघतं आणि वर्ट, म्हणजे माल्टचं (मोड आणून वाळवलेल्या धान्याचं) गोड पाणी, ताकासारखं गढूळ होतं. याच दिवसांत बहुतेक साखर संपते. शेवटचे चार-पाच अंक (एक अंक म्हणजे ग्रॅव्हिटीत ०.००१) मात्र रेंगाळत उतरतात.

साखर संपत आली की यीस्टच्या पेशी कॅल्शियमच्या मदतीने एकमेकींना चिकटून गुठळ्या करतात. एकटी पेशी तासाला काही मिलिमीटरच खाली जाते. बसण्याचा वेग आकाराच्या वर्गाने वाढतो, त्यामुळे दहापट मोठी घट्ट गुठळी जवळजवळ शंभरपट वेगाने खाली जाते. म्हणजे साधारणपणे आधी आंबतं, मग निवळतं. या ‘साधारणपणे’वर विसंबल्यामुळेच घोटाळा होतो.

काही इंग्लिश एल यीस्ट लवकर गुठळ्या करणारी असतात. रात्री बेसमेंट १९ वरून १४ अंशांवर आलं, तर ती काम अर्धवट टाकून तळाशी जाऊन झोपतात. बियर काचेसारखी दिसते आणि हायड्रोमीटर (ग्रॅव्हिटी मोजणारी तरंगती काचनळी) दाखवतो १.०१८, जिथे हवं होतं १.०१२. हे उरलेले सहा अंक क्षुल्लक नाहीत. एक अंक म्हणजे लिटरला साधारण २ ग्रॅम साखर, म्हणजे २० लिटरमध्ये २४० ग्रॅम. फेसासाठी आपण बाटलीत भरताना घालतो ती साखर असते १२० ग्रॅम. ती धरून तिप्पट झाली. बाटल्या उबेला आल्या, यीस्ट पुन्हा जागं झालं, की साधी बियरची बाटली फुटते, आणि काच लांबवर उडते.

एअरलॉकवर (वायू बाहेर सोडणाऱ्या, पण हवा आत न येऊ देणाऱ्या झाकणावरच्या पाण्याच्या झडपेवर) विश्वास ठेवू नका. झाकण नीट बसलं नसेल तर जोरात आंबत असतानाही बुडबुडा येत नाही. खोली तापली तर आंबून झालेल्या बियरमधूनही विरघळलेला वायू निघत राहतो.

मापायचं असं. निर्जंतुक केलेल्या नळीने सुमारे १०० मिलि नमुना उंच नळकांड्यात घ्या आणि दोन-तीन वेळा एका भांड्यातून दुसऱ्यात ओतून त्यातला वायू काढा. वायू राहिला तर बुडबुडे हायड्रोमीटरला चिकटून त्याला वर उचलतात आणि आकडा खोटा जास्त येतो. हायड्रोमीटरला हलकी गिरकी द्या, डोळा पातळीला आणा, द्रवाच्या कडेचा नव्हे तर मधल्या सपाट पातळीचा आकडा वाचा. हायड्रोमीटर २० अंशांसाठी असेल आणि नमुना ३० अंशांचा असेल, तर आकड्यात ०.००२ ते ०.००३ मिळवा. नमुना चाखा, परत ओतू नका. तीन दिवसांनी पुन्हा मोजा. दोन्ही आकडे सारखे आणि अपेक्षेइतके खाली आले असतील तरच आंबून झालं.

आकडे सारखे पण वरच अडकले असतील, तर फर्मेंटर २१-२२ अंशांवर आणा आणि झाकण न उघडता हलकेच गोल फिरवून तळाचं यीस्ट वर उठवा. तरीही हलत नसेल, तर शंका माल्टवर घ्या. वेगळ्या बाटलीत २०० मिलि बियर घ्या, त्यात चमचाभर कोरडं यीस्ट टाका, तोंड सैल झाकून उबदार जागी ठेवा, येता-जाता हलवा. दोन-तीन दिवसांनी तीही १.०१८ वरच राहिली, तर त्या माल्टमधली साखर खरोखर तेवढीच आंबणारी होती. ती १.०१२ वर उतरली, तर दोष यीस्टच्या झोपेचा. आठवड्याने दुसऱ्या भांड्यात बियर काढून ‘गाळापासून सोडवा’ हा जुना सल्ला इथेच नडतो: काम करणारं यीस्टच मागे राहतं आणि हवा लागते ती वेगळीच. तीन-चार आठवडे गाळावर राहिल्याने एलचं काही बिघडत नाही.

उलटी चूक निरुपद्रवी आहे. आंबून झाली पण गढूळ आहे, तर घाई नसेल त्याने नुसतं थांबावं. घाई असेल तर १ ते ३ अंशांवर दोन-तीन दिवस ठेवा; गार होताना आतली हवा आकसते आणि एअरलॉकमधलं पाणी आत ओढलं जातं, म्हणून त्यात आधी थोडंच पाणी ठेवा. जिलेटिनने आणखी लवकर निवळते, पण ते प्राणिजन्य. शाकाहारी पाहुण्यांना आधी सांगावं. फक्त फ्रिजमध्ये गढूळ होऊन ग्लासात ऊब आली की स्वच्छ होणारी बियर यीस्टमुळे नव्हे, प्रथिनांमुळे गढूळ असते. आणि गव्हाच्या बियरचं यीस्ट मुळातच नीट बसत नाही, ती निवळायची वाट पाहू नये.

काचेसारखी निवळलेली बियर बाटलीत फेसाळेल का, ही शंका नेहमी येते. फेसाळते. डोळ्यांना न दिसणारं यीस्ट त्या कामाला पुरेसं असतं, फक्त आठवडाभर जास्त लागू शकतो. बाटलीच्या तळाशी पातळ थर धरतो तो त्याचाच. ओतताना शेवटचा बोटभर भाग बाटलीतच ठेवा; गव्हाची असेल तर उलट, तो घोळवून ग्लासात घ्या.