अल कपोन आणि अल्काट्राझचा तुरुंग

अल कपोन (१८९९–१९४७) हा अमेरिकेतील दारूबंदीच्या काळातला (१९२०–३३) शिकागोचा टोळीप्रमुख. त्याच्या तुरुंगवासाची हकिकत त्याच्या गुन्ह्यांइतकीच अभ्यासण्याजोगी आहे. वॉर्डन (तुरुंगाचा मुख्य अधिकारी) बदलला की तोच कायदा किती वेगळा लागू होतो, हे तिच्यात स्पष्ट दिसते.

१९२९ मध्ये बेकायदा हत्यार बाळगल्याबद्दल तो फिलाडेल्फियाच्या ईस्टर्न स्टेट तुरुंगात गेला. तिथे त्याच्या कोठडीत गालिचा, चांगले लाकडी सामान आणि रेडिओ असल्याचे वर्णन तेव्हाच्या वर्तमानपत्रात आले होते. सुटकेच्या वेळी दाराशी गर्दी जमणार म्हणून त्याला आधीच गुपचूप दुसऱ्या तुरुंगात नेऊन तिथून सोडण्यात आले. ऑक्टोबर १९३१ मध्ये करचुकवेगिरीबद्दल त्याला ११ वर्षांची शिक्षा झाली. अपिलाचा निकाल लागेपर्यंत तो शिकागोच्या कुक काउंटी तुरुंगात होता. तिथल्या सवलतींवरून एवढा बभ्रा झाला की वॉर्डन डेव्हिड मनीपेनी यांनाच चौकशीला तोंड द्यावे लागले.

पुढे अटलांटाच्या तुरुंगातून ऑगस्ट १९३४ मध्ये त्याला सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या अल्काट्राझ बेटावर हलवले. कैदी वाटेत उतरू नयेत म्हणून रेल्वेचे डबेच तराफ्यावर चढवून बेटापर्यंत नेले होते. फोल्सम आणि सॅन क्वेंटिन हे तुरुंग सांभाळलेले जेम्स जॉन्स्टन इथले पहिले वॉर्डन. नव्या कैद्यांना ते स्वतः भेटत. रांगेत उभा असलेला कपोन हसत होता, बाजूच्यांना हळूच काहीबाही सांगत होता; सगळ्यांचा म्होरक्या आपणच, असा त्याचा आव होता. जॉन्स्टन यांनी त्याला ८५ हा क्रमांक दिला आणि पुढच्याला बोलावले. आपल्याला भेटायला पुष्कळ लोक येतील, असे त्याने सुचवून पाहिले. भेट फक्त घरच्यांची, तीही ठरल्या मर्यादेत, हे उत्तर त्याला इतरांसारखेच मिळाले.

कपोन आणि जॉन्स्टन यांच्या संबंधातले सर्वांत मोलाचे हेच वाटते. जॉन्स्टन यांनी त्याला वेगळा छळला नाही आणि वेगळे काही दिलेही नाही. अन्न, वस्त्र, निवारा आणि औषधोपचार हा हक्क. बाकी सारे वागणुकीतून मिळवायचे, असा इथला नियम होता. जवळजवळ पाच फूट बाय नऊ फुटांची कोठडी, सुरुवातीच्या वर्षांतली बोलण्यावरची बंदी आणि फरशी पुसण्यासारखी कामे त्याच्याही वाट्याला आली. विनवण्या करून करून त्याला बॅन्जो वाजवण्याची परवानगी मिळाली आणि कैद्यांच्या वाद्यवृंदात तो बसू लागला.

१९३६ च्या कैद्यांच्या संपात तो सामील झाला नाही, म्हणून काही कैद्यांचा त्याच्यावर राग होता. त्याच वर्षी २३ जूनला जेम्स लुकास या कैद्याने त्याला कात्रीच्या पात्याने भोसकले. तो वाचला, पण जुना सिफिलिस (एक गुप्तरोग) मेंदूपर्यंत पोहोचला होता. फेब्रुवारी १९३८ मध्ये भ्रम उघड दिसू लागल्यावर त्याला तुरुंगाच्या इस्पितळात ठेवले. जानेवारी १९३९ मध्ये त्याला बेटावरून दुसऱ्या तुरुंगात हलवले आणि तो नोव्हेंबरमध्ये सुटला. जॉन्स्टन १९४८ पर्यंत वॉर्डन होते.