घामोळ्यांची पावडर: औषध की प्रसाधन? उन्हाळी ‘थंड’ उत्पादनांची पार्श्वभूमी

उन्हाळ्यात विकल्या जाणाऱ्या पावडरी, जेल, फेसपॅक आणि लोशन यांवर ‘कूल’, ‘आइस’, ‘थंडावा’ असे शब्द सर्रास छापलेले असतात, परंतु या शब्दांखाली तीन वेगळे परिणाम एकत्र विकले जातात. पहिल्यात त्वचेवरील पाणी किंवा अल्कोहोल उडून जाताना खरोखरच उष्णता वाहून नेते, दुसऱ्यात तापमान तेच राहून मज्जातंतूंना केवळ गारव्याचा संकेत मिळतो आणि तिसऱ्यात खाज किंवा दाह कमी होतो. हे तिन्ही परिणाम वेगळे न करताच आपल्याकडे या उत्पादनांची बाजारपेठ वाढली. ती कशी वाढली, हे समजून घ्यायचे तर आयुर्वेदाच्या ग्रंथांपेक्षा कराच्या अनुसूचींकडे, म्हणजे कोणत्या वस्तूवर किती कर याच्या याद्यांकडे, अधिक लक्ष द्यावे लागते.

जुन्या काळाचा दाखला बहुतेक वेष्टनांवर असतो, म्हणून त्याचा उल्लेख आवश्यक आहे. चरकसंहितेतील दाहप्रशमन गणात, म्हणजे दाह शमवणाऱ्या द्रव्यांच्या गटात, चंदन, वाळा, सारिवा, नीलकमळ, गुळवेल यांच्याबरोबर साखर आणि साळीच्या लाह्याही आहेत. म्हणजे तो गण प्रामुख्याने पोटात घेण्याच्या द्रव्यांचा आहे, लेपांची यादी नव्हे. घरोघरी चाललेले उपाय याहून साधे होते: अंगावर पित्त उठले की आमसुलाचे पाणी, उन्हाने त्वचा भाजली की कोरफडीचा गर, तेलकट चेहऱ्याला मुलतानी माती. चंदनाचा इतिहास तर राजसत्तेशी जोडलेला आहे. म्हैसूर संस्थानात १७९२ मध्ये चंदनवृक्ष सरकारी मालकीचा ठरवला गेला आणि १९१६ मध्ये तेथे चंदनतेलाचा कारखाना उभा राहिला. खासगी मालकीवरील ही बंधने कर्नाटकात एकविसाव्या शतकाच्या सुरुवातीसच सैल झाली. तेलाची किंमत पाहता स्वस्त पावडरीच्या डब्यावरील चंदनाचे चित्र बहुधा सुगंधापुरतेच खरे असते.

आजच्या गारव्याचा मुख्य आधार मात्र मेंथॉल आहे. ते ज्या जपानी पुदिन्यापासून मिळते, त्याची लागवड भारतात स्वातंत्र्यानंतर रुजली आणि उत्तर प्रदेशातील बाराबंकी, बदायूं, रामपूर, संभल या पट्ट्यात इतकी वाढली की मेंथा तेलाच्या उत्पादनात भारत जगात आघाडीवर गेला. मुंबईतील वस्तुबाजारात या तेलाचे वायदे व्यवहारही होऊ लागले. कच्चा माल देशातच मुबलक झाल्याने तेल, साबण, पावडर अशा सर्व उत्पादनांत मेंथॉल घालणे उत्पादकांना सोपे गेले. मेंथॉलने गार का वाटते, याचे नेमके उत्तर मात्र २००२ मध्ये मिळाले. त्या वर्षी थंडी ओळखणारा मज्जातंतूंवरील ग्राहक रेणू (रिसेप्टर) सापडला. साधारण २६ अंश सेल्सिअसखाली सक्रिय होणाऱ्या या रेणूला मेंथॉल नेहमीच्या तापमानातही जागे करते. तापमान व स्पर्श ओळखणाऱ्या अशा ग्राहक रेणूंवरील संशोधनाला २०२१ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल मिळाले. यातून निघणारा व्यावहारिक अर्थ जाहिरातींत कधी येत नाही. मेंथॉलने शरीर थंड होत नाही, आणि उन्हात काम करणाऱ्या माणसाला गार वाटल्यामुळे तो सावलीत जाण्यास उशीर करत असेल, तर तो गारवा त्याच्या विरोधात जातो.

या सर्वांत सर्वाधिक काळ रेंगाळलेला प्रश्न घामोळ्यांच्या पावडरीचा आहे. घामोळे म्हणजे घामाच्या नलिकांची तोंडे बंद होऊन घाम त्वचेतच अडकणे आणि तेथे पुरळ व खाज येणे. त्यावरील पावडरींत टाल्क (एक मऊ खनिज) किंवा स्टार्चबरोबर झिंक ऑक्साइड, बोरिक ॲसिड, सॅलिसिलिक ॲसिड, एखादा जंतुरोधक आणि बहुधा मेंथॉल किंवा कापूर असतो. १९४० च्या औषधविषयक कायद्यात प्रसाधनांचा समावेश १९६२ च्या दुरुस्तीने झाला. त्यानुसार स्वच्छता, सौंदर्य किंवा आकर्षकता यांसाठी अंगाला लावायची वस्तू प्रसाधन ठरली, तर रोगाचा उपचार किंवा प्रतिबंध करणारी वस्तू औषध. घामोळे हा रोग मानायचा की ऋतूचा नित्याचा त्रास, हे मात्र व्याख्येने सांगितले नाही आणि तेवढ्या फटीत अनेक दशकांचे खटले मावले.

खटल्यांमागे तत्त्वचिंतन नव्हते, कराचा दर होता. उत्पादनशुल्काच्या कोष्टकात औषधांचे प्रकरण वेगळे आणि प्रसाधनांचे वेगळे, शिवाय प्रसाधनांवरील आकारणी अधिक. अधिकाऱ्यांचा युक्तिवाद असा की, प्रसाधनात गौण प्रमाणात औषधी किंवा जंतुरोधक घटक असले तरी ते प्रसाधनच राहते, आणि तशी टीप कोष्टकातच होती. उत्पादकांचे म्हणणे असे की, पावडर औषधाच्या परवान्यावर तयार होते, विशिष्ट त्रासासाठीच घेतली जाते आणि तो त्रास गेला की बंद केली जाते. सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये उत्पादनशुल्कापुरते उत्पादकांचे म्हणणे मान्य करून अशी पावडर औषध ठरवली. महाराष्ट्रात परिचित असलेल्या हळदीच्या क्रीमबाबतही असाच दीर्घ वाद झाला आणि तेही आयुर्वेदिक औषध ठरले.

तेथे विषय संपला असता, परंतु राज्यांच्या विक्रीकराच्या अनुसूची वेगळ्या होत्या. केरळच्या अनुसूचीत औषधी टाल्कम पावडर अशी स्वतंत्र नोंद होती, तर तामिळनाडूत औषधी गुण असले तरी अशी वस्तू प्रसाधनांतच धरावी, असे स्पष्टीकरण जोडलेले होते. त्याच न्यायालयाने २०२३ मध्ये या दोन राज्यांपुरता उत्पादकांविरुद्ध निर्णय दिला. त्यामुळे एकच डबा एका कायद्यात औषध आणि दुसऱ्या कायद्यात टाल्कम पावडर, अशी स्थिती नोंदली गेली. कायद्याच्या भाषेत यात विसंगती नाही, कारण प्रत्येक नोंदीचे शब्द वेगळे होते. तरीही न्यायालयात औषध म्हणून उभी राहणारी पावडर जाहिरातीत बर्फाचे डोंगर आणि ताजेतवाने चेहरे दाखवून विकली जात होती, ही गोष्ट उत्पादकांच्या बाजूने फारशी बोलत नाही. बोरिक ॲसिड किंवा कापूर असलेली पावडर तान्ह्या बाळाला लावू नये, हा इशारा त्या जाहिरातींत शोधावा लागला असता.

ग्राहकाच्या दृष्टीने या वादाचा खरा परिणाम कराहून मोठा आहे, कारण वर्गीकरणावर वेष्टनावरील माहिती ठरते. औषध असेल तर क्रियाशील घटकांचे प्रमाण छापावे लागते. प्रसाधन असेल तर केवळ घटकांची यादी, तीही एक टक्क्यापेक्षा अधिक असलेल्यांचीच उतरत्या क्रमाने. एक टक्का किंवा त्याहून कमी असलेले घटक कोणत्याही क्रमाने लिहिता येतात. मेंथॉल अनेकदा याच खालच्या गटात असते, म्हणून त्याचे यादीतील स्थान काहीच सांगत नाही. अल्प प्रमाणात सुखद वाटणारे मेंथॉल अधिक प्रमाणात चुरचुर व जळजळ करते, आणि संवेदनशील त्वचेच्या माणसाला जो आकडा हवा असतो तो नेमका अनुपलब्ध राहतो.

पावडरींचे वर्चस्व पुढे ओसरू लागले, त्याला टाल्कविषयीचे खटलेही कारणीभूत ठरले असावेत. अमेरिकेत टाल्कमधील ॲस्बेस्टॉस या कर्ककारक खनिजाच्या अंशावरून दावे वाढले, २०२३ पर्यंत एका मोठ्या उत्पादकाने बाळांच्या पावडरीतून टाल्क जगभर काढून स्टार्च वापरण्यास सुरुवात केली आणि जुलै २०२४ मध्ये आंतरराष्ट्रीय तज्ज्ञगटाने टाल्क ‘बहुधा कर्ककारक’ या वर्गात टाकले. पारदर्शक जेल, कोरफड, काकडी, हायल्यूरॉनिक ॲसिड यांची लाट याच काळातील असून तिच्याबरोबर तेलकट, कोरडी, मिश्र आणि संवेदनशील असे त्वचेचे प्रकारही प्रत्येक वेष्टनावर आले.

निवडीचा प्रश्न या पार्श्वभूमीवर बराच सोपा होतो. तेलकट त्वचेला पाण्याच्या आधारावरील हलके जेल मानवते आणि मुलतानी माती तेल शोषते, पण कोरड्या त्वचेवर तीच माती ताण आणते. कोरड्या त्वचेसाठी अल्कोहोलयुक्त टोनर आणि कॅलामाइन (खाजेवर लावायचे गुलाबी लोशन) यांचा गारवा महागात पडतो, कारण दोन्ही त्वचा आणखी सुकवतात. तेथे ग्लिसरीन किंवा कोरफडीवर सौम्य क्रीम लावणे बरे. संवेदनशील त्वचेने मेंथॉल, कापूर आणि तीव्र सुगंध, मग तो गुलाबाचा असला तरी, टाळावा. घामोळे उठलेले असताना दाट मलम कोणत्याच प्रकारच्या त्वचेवर लावू नये, कारण बंद नलिका आणखी बंद होतात. सैल सुती कपडे आणि वारा यांना तेथे पर्याय नाही. लहान बाळाच्या नाकाजवळ मेंथॉल लावल्यास श्वास अडण्याचा धोका असतो, म्हणून तेथे ते वर्ज्यच आहे.

त्वचेच्या प्रकाराइतकाच हवेचा प्रकारही महत्त्वाचा आहे, पण वेष्टनांवर त्याला जागा नाही. गुलाबपाण्याचा फवारा किंवा पाणीदार जेल हे वाळ्याच्या ताट्या लावलेल्या कूलरच्या तत्त्वावर चालतात: नागपूरच्या कोरड्या उन्हात बाष्पीभवन जलद होऊन गारवा मिळतो, तर मुंबई किंवा पणजीच्या दमट मे महिन्यात तेच पाणी चेहऱ्यावर चिकट राहते. कोकण-गोव्यात मेंथॉलच्या पावडरीची सवय टिकून राहण्यामागे हे एक कारण असावे, कारण बाष्पीभवन होत नसेल तेथे संकेतापुरता गारवाच उरतो.

२२ सप्टेंबर २०२५ पासून वस्तू व सेवा कराच्या फेररचनेत टाल्कम पावडर आणि फेस पावडर १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आली, आणि औषधेही सामान्यतः ५ टक्क्यांच्या गटात गेली. घामोळ्यांची पावडर औषध की प्रसाधन, या प्रश्नातील पैशाचा भाग त्यामुळे जवळपास संपला. चेहऱ्याची क्रीम आणि लोशन मात्र १८ टक्क्यांवरच राहिली, तर आयुर्वेदिक औषध म्हणून नोंदलेली उत्पादने ५ टक्क्यांत बसतात. चंदन-वाळ्याच्या ‘शीतल’ जेलांना आयुर्वेदिक परवाना घेण्याचे प्रलोभन यातून वाढणार असून, जुना वाद पावडरीच्या डब्यातून जेलच्या ट्यूबमध्ये सरकण्याची चिन्हे आहेत.