भिंती वाटल्या म्हणजे सह-क्युरेशन झालं?

बेळगाव, खानापूर, निपाणीकडे आशियाई समकालीन कलेचं प्रदर्शन सगळ्यांनी मिळून करायचं, म्हणजे कलाकृतींची निवड आणि मांडणी एकत्र ठरवायची (सह-क्युरेशन), म्हटलं की एक समज हटकून पुढे येतो: एक भिंत मराठीला, एक कन्नडला, एक उर्दूला. हा समज चुकीचा आहे. त्यात वाटणी होते, निवड एकत्र होत नाही.

२०२२ साली जाकार्ताच्या रुआंगरुपा या कलाकार-गटाने जर्मनीतल्या कासेलचं डॉक्युमेंटा हे समकालीन कलेचं मोठं प्रदर्शन ‘लुंबुंग’ या कल्पनेवर उभारलं. लुंबुंग म्हणजे गावाचं सामायिक धान्यकोठार. आता याचा फलक, म्हणजे कलाकृतीशेजारची माहितीची पाटी, लिहून बघा. मराठीत ‘कणगी’ लिहिलं की घरातली, एकाच कुटुंबाची कणगी डोळ्यांसमोर येते आणि सामायिकपणाच निसटतो. कन्नडमध्ये ‘कणज’ लिहिताना हीच चर्चा पुन्हा करावी लागते. ही चर्चा म्हणजेच सह-क्युरेशन. म्हणून फलक भाषांतराला देऊ नका. कलाकृतीसमोर उभं राहून प्रत्येक भाषेत स्वतंत्र लिहा, साठेक शब्दांत. उर्दू उजवीकडून सुरू होते, तिच्या ओळी उजव्या कडेपासून लावा.

निवडीआधी तीन गोष्टी कागदावर हव्यात: मानधन, नकाराचा हक्क, आणि आक्षेप आल्यास उत्तर कोण देणार. त्याच डॉक्युमेंटात ज्यूविरोधी चित्रणावरून एक भव्य फलकचित्र उद्घाटनानंतर काही दिवसांतच उतरवावं लागलं. जबाबदारी आधी ठरलेली नसली की असा वाद सगळ्या प्रदर्शनाला गिळतो.

मांडणी सोपी: चित्राचा मध्य जमिनीपासून सुमारे १५० सेंटिमीटरवर, कागदावरच्या कामांना ५० लक्स (उजेड मोजायचं एकक) इतकाच मंद उजेड. खानापूरच्या पावसात चौकटीमागे बोटभर फट ठेवाच, नाहीतर ओल धरून कागदाला बुरशी येते.