एका बाथरूमच्या बावीस ओळी
घराच्या नूतनीकरणाचं काम आम्ही कसं आखतो: ग्राहकांसाठी माहिती

काम सुरू होऊन आठवडा झाला की फोनवर हमखास विचारलं जातं, "बाथरूम किती झालं?" "सत्तर टक्के झालं" असं सांगणं सोपं असतं, पण त्यातून तुम्हाला काहीच कळत नाही. उरलेले तीस टक्के महिनाभर रेंगाळलेली घरं तुम्हीही पाहिली असतील. म्हणून आमच्या कागदावर टक्के नसतात. साध्या बाथरूमचं काम आम्ही साधारण बावीस लहान कामांत फोडतो, एका ओळीत एक काम. ओळ एकतर झालेली असते, नाहीतर राहिलेली.

ओळ केवढी असावी याचा आमचा ठोकताळा असा: ती एकाच माणसाच्या नावावर हवी, तीन दिवसांत संपायला हवी आणि संपली की तुम्हाला डोळ्यांनी बघता यायला हवी. नुसतं "प्लंबिंग" असं आम्ही लिहीत नाही. जुने पाइप काढणे, गरम-गार पाण्याच्या लाइनी भिंतीत बसवणे, लाइनीत दाबाने पाणी भरून गळती बघणे, अशा तीन ओळी लिहितो. तिसरी मुद्दाम वेगळी ठेवतो, कारण गवंडी माल कालवून भिंत बुजवायला तयार उभा असला की तपासणी हटकून राहून जाते.

हे आम्ही नुकसान सोसून शिकलो. सुरुवातीच्या काळात एका घरी "वॉटरप्रूफिंग" अशी एकच ओळ लिहिली होती. दोन्ही कोट मारून झाले, ओळीपुढे बरोबरची खूण झाली, फरशी बसली. पाणी भरून बघायचं राहिलं. पुढे खालच्या घराच्या छताला नहाणी ट्रॅपच्या (बाथरूमचं पाणी जिथून निचरतं त्या जाळीखालच्या भांड्याच्या) बरोबर खाली ओल उतरली. नवी फरशी आम्हाला स्वखर्चाने फोडावी लागली, आणि त्या कुटुंबाचे हाल झाले ते वेगळेच. आता त्या एका ओळीच्या पाच ओळी आहेत: स्लॅब खरवडून साफ करणे, कोपऱ्यांना आणि पाइपांभोवती गोलाई देणे, पहिला कोट, दुसरा कोट, आणि ट्रॅप बंद करून पाणी भरून ठेवणे. पाण्याच्या पातळीला भिंतीवर खूण करतो, ४८ तास थांबतो, मग खालच्या घरी जाऊन छत बघतो. जमल्यास तुम्हीही सोबत या.

त्या दोन दिवसांत घरात कुणी कारागीर दिसणार नाही. काम बंद पडलंय असं वाटून काळजी करू नका. थांबणं हीसुद्धा कागदावरची एक ओळच आहे. नव्या प्लास्टरला पाणी मारण्याचे दिवसही असेच आधी धरलेले असतात.

काही ओळी तुमच्या नावावर असतात, आणि काम बहुतेक वेळा तिथेच अडतं. उदाहरणार्थ शॉवरचा डायव्हर्टर, म्हणजे पाणी नळाकडून शॉवरकडे वळवणारी कळ. त्याचा मुख्य भाग भिंतीच्या आत जातो, म्हणून टाइल लागायच्या आधी तो हातात हवा. तुमची निवड व्हायची असेल तर प्लंबर थांबतो, तो थांबला की गवंडी थांबतो, आणि गवंडी दुसऱ्या साइटवर गेला की लगेच परत मिळत नाही. गिझर कोणता आणि कुठे बसणार, टाइल कोणत्या, सोसायटीचं परवानगीपत्र, या सगळ्यांना आम्ही तारीख घालून देतो. कृपया ती तारीख पाळा.

उलट, काही मापं आधी घेऊन चालत नाहीत. शॉवरच्या काचेचं माप टाइल लागल्यावरच घेतो. ही टफन्ड, म्हणजे तापवून कणखर केलेली काच एकदा तयार झाली की कापता येत नाही. माप थोडं जरी चुकलं तरी नवी काच. कारखान्यातून ती येईपर्यंतचे दिवस आराखड्यात दिसतील.

मोठं काम फोडून आखायची ही रीत आम्ही शोधलेली नाही. अमेरिकेच्या संरक्षण खात्याने १९६८ साली तिचं लेखी मानक काढलं होतं, शस्त्रसामग्रीच्या मोठ्या प्रकल्पांसाठी. त्या रीतीतली एक गोष्ट आम्ही काटेकोर पाळतो: सगळ्या तुकड्यांची बेरीज पूर्ण कामाएवढी भरली पाहिजे. राडारोडा गोण्यांत भरून खाली नेणे, लिफ्टला आतून प्लायवुड लावणे, शेवटची साफसफाई, ही कामं कुणाच्याच लक्षात राहत नाहीत, आणि पुढे पैशांवरून वाद त्यांच्यावरूनच होतात. आमच्या कागदावर ती दरासकट लिहिलेली असतात.

हा कागद स्वयंपाकघराच्या दाराला चिकटवलेला असेल. रोज संध्याकाळी झालेल्या ओळींचे फोटो तुम्हाला व्हॉट्सअ‍ॅपवर येतील. भिंत बुजवण्याआधीचा, पाइपांशेजारी टेप धरून काढलेला फोटो जपून ठेवा. दहा वर्षांनी आरसा टांगायला ड्रिल मारताना तो लागेल. शनिवारी दहा मिनिटं उभ्या उभ्या बोलू: काय झालं, काय अडलं, पुढच्या आठवड्यात कोण येणार.

पैशांचे हप्तेही ओळींना बांधलेले आहेत, तारखांना नाही. दुसरा हप्ता पाणी भरून तपासणी झाल्यावर, तिसरा टाइल बसून उतार बघितल्यावर. उतार तुम्हीच बघा: दाराशी तांब्याभर पाणी ओता, ते कुठेही न साचता जाळीकडे गेलं पाहिजे.

मध्येच काही बदलावंसं वाटलं तर बिगारी किंवा गवंड्याला परस्पर सांगू नका, आम्हाला फोन करा. नवी ओळ, तिचा खर्च आणि तिच्यामुळे वाढणारे दिवस लिहून देऊ. तुमची सही झाली की काम सुरू.